दोष कोणाच्या माथी?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा लेख दोनदा वाचला. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये उत्तेजक द्रव्ये शिरली, त्याचा सगळा दोष तू बॅरी बॉण्ड्स आणि मार्क मॅग्वायर या दोन नामवंत फलंदाजांच्या माथी मारला आहेस. त्यांना मोकळे सोड, असे मी म्हणणार नाही. मॅग्वायरने 2010 मध्ये स्वतः कबुली दिली. बॉण्ड्स मात्र आपण जाणूनबुजून काही घेतल्याचे नाकारत आला आहे, आणि हा फरक तुझ्या लेखात स्पष्ट दिसला पाहिजे. जे या वाटेला गेलेच नाहीत, त्यांच्यावरील अन्यायाबद्दलही तू एक अक्षर लिहिलेले नाहीस.

आता 1991 कडे वळ. त्या वर्षी आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी स्टेरॉइड, म्हणजे स्नायू वाढवणारी उत्तेजके, निषिद्ध असल्याचे सर्व क्लबांना लेखी कळवले, पण चाचणीची तरतूद नव्हती, कारण खेळाडू संघटनेच्या संमतीवाचून ती लादता येत नव्हती आणि संघटना खासगीपणाच्या हक्काचा मुद्दा पुढे करून तिला विरोध करत राहिली. 1994 च्या खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिकाच, रद्द झाली. रुसलेले प्रेक्षक 1998 मध्ये मॅग्वायरच्या 70 आणि दुसरा फलंदाज सॅमी सोसा याच्या 66 होम रनांनी (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) पुन्हा मैदानाकडे ओढले गेले. ज्यांचा गल्ला त्या फटक्यांवर भरत होता, त्या मालकांना चाचणीची घाई नव्हती. 2001 मध्ये चाचणी सुरू झाली तीही खालच्या, म्हणजे मायनर लीगमध्ये, कारण तिथल्या मुलांच्या पाठीशी संघटना नव्हती. मला हे फार लागते. मोठ्या लीगमध्ये 2003 ला निनावी चाचणी झाली, 5 टक्क्यांहून अधिक नमुने दोषी निघाले, आणि तरीही पहिल्या गुन्ह्यासाठी निलंबन यायला 2005 उजाडले.

आपल्या पत्रकारितेच्या व्यवसायालाही यातून वगळू नकोस. 1998 मध्ये एका वार्ताहराने मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोन या स्टेरॉइडसदृश द्रव्याची बाटली पाहून बातमी दिली, तेव्हा बेसबॉलमध्ये ते द्रव्य घेण्यास बंदी नव्हती हे खरे. पण बातमीची कसून चौकशी करण्याऐवजी अनेक व्यवसायबंधूंनी त्यालाच डोकावल्याबद्दल बोल लावले. पुढे बेसबॉल लेखकांच्याच मतदानात बॉण्ड्स 2022 पर्यंत, सलग दहा वर्षे, हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मान-दालनाबाहेर राहिला. उत्तेजकांच्या त्या काळात बेसबॉलचा कारभार पाहणारे आयुक्त बड सेलिग मात्र वेगळ्या समितीच्या निवडीने 2017 मध्ये तिथे सन्मानाने पोहोचले. हे दोन निकाल लेखात शेजारी-शेजारी ठेव.

बेसबॉलमधील उत्तेजकांच्या चौकशीचा जो मिचेल अहवाल 2007 मध्ये आला, त्यातील 89 नावे लोकांच्या लक्षात राहिली. आयुक्त, क्लबांचे अधिकारी, संघटना आणि खेळाडू या सर्वांवर त्याने ठेवलेली जबाबदारी विस्मरणात गेली. तो मूळातून वाच, लेखाची सुरुवात मायनर लीगच्या मुलांपासून कर आणि नवा मसुदा मला पाठव.