अमेरिकेत ग्राउंडहॉगवरून वसंत कधी येणार ते सांगतात. खान्देशात अशी कोणत्या प्राण्यापक्ष्यांवरून ऋतू ओळखण्याची रीत आहे का, आणि ती खरी ठरते का?

रीत आहे, पण ती वसंतासाठी नाही, पावसासाठी आहे.

ग्राउंडहॉग हा हिवाळाभर बिळात झोपून राहणारा प्राणी. पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावात १८८७ पासून २ फेब्रुवारीला त्याला बाहेर आणतात. त्याची सावली पडली तर थंडी अजून सहा आठवडे, नाही पडली तर वसंत लवकर. ही समजूत जर्मनीतून गेलेल्या लोकांनी तिकडे नेली. त्यांच्या मूळ मुलखात याच दिवशी बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याकडे बघत. बर्फ कधी वितळेल यावर तिथली नांगरणी ठरायची. आपल्याकडे पळस फुलला, कोकीळ ओरडायला लागला, की वसंत आलेलाच असतो. सगळा घोर असतो तो मृगाच्या पाण्याचा.

पहिला मान पावशाचा. त्याची तीन सुरांची, चढत जाणारी हाक शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा’ अशी ऐकू येते. पण हा पक्षी बारमाही इथलाच. विणीचा काळ आला की मार्च-एप्रिलपासूनच नर ओरडू लागतो आणि मेच्या उकाड्यात रात्रीही थांबत नाही. त्यामुळे नुसत्या हाकेवरून तारीख काढता येत नाही. चातकाचं वेगळं. काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी, असा हा पक्षी नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून येतो, म्हणून आपल्या भागात तो दिसणं ही जास्त भरवशाची खूण. बरेच जण पावशालाच चातक म्हणतात, तिथे पहिली चूक होते. पावशा करडा, शिकऱ्यासारखा दिसणारा, आणि त्याला शेंडी नसते. दोघंही अंडी घालतात सातभाईंच्या घरट्यात, म्हणून सातभाईंच्या विणीशी त्यांचं वेळापत्रक बांधलेलं असतं.

टिटवीबद्दल दोन समजुती आहेत. अंडी बांधावर, उंचावर दिसली तर पाणी जोरदार, नाल्याच्या पात्रात दिसली तर कोरडं. आणि चार अंडी म्हणजे चारही महिने पाऊस. दुसरी तर सोडूनच द्या, कारण टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते. दुष्काळातही चारच दिसतील. पहिलीतही अडचण आहे. तिला हवी असते खडे-मुरूम असलेली उघडी जागा, आणि वखरणी झालेल्या वावरात तशी जागा बांधावरच उरते. वखर चालवताना अंडी दिसली तर भोवतीची चार-पाच हात जागा तशीच सोडा. पिल्लं निघायला साधारण चार आठवडे लागतात.

कावळ्याचं घरटं बाभळीसारख्या काटेरी झाडावर असेल तर पाऊस कमी, आंब्या-करंजावर असेल तर चांगला, असं म्हणतात. आता शिंदखेड्याच्या माळावर झाडं कुठली? बाभूळ आणि निंब. म्हणजे तिथे कावळा दरवर्षी दुष्काळच सांगणार! ज्या मुलखात आंबा-करंज भरपूर असतील, तिथली खूण उचलून इथे लावली की असं होतं.

पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी वाहन म्हणून दिलेला असतो, पण ते वाहन प्राण्याकडे बघून काढलेलं नसतं. सूर्य नव्या नक्षत्रात शिरताना त्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि ९ ने भागायचं. बाकी १ उरली तर घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव, शून्य उरलं तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे भरपूर पाणी; कोल्हा, मेंढा म्हणजे ओढ. हा निव्वळ गणिताचा भाग आहे. अक्कलकुव्याच्या डोंगराला आणि शिंदखेड्याच्या माळाला कोल्हा एकच येतो, पाऊस मात्र एकसारखा कधीच पडत नाही.

मुंग्यांची अंडी वर नेण्याची धावपळ फार तर काही तासांची सूचना देते. वाळवीची पंखवाली पाखरं आणि मृगाचा लाल मखमली किडा जमिनीत ओल उतरल्यावर निघतात. ते पाऊस येणार म्हणून सांगत नाहीत, तो पडून गेला म्हणून सांगतात, आणि मला वाटतं शेतकऱ्याला तेच जास्त उपयोगाचं आहे.

या खुणा वापरायच्याच असतील तर वहीत तारखा लिहा: चातक पहिल्यांदा कधी दिसला, मखमली किडा कधी निघाला. शेजारी पावसाचे मिलिमीटर लिहा. सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवून आतलं पाणी पट्टीने मोजलं तरी चालतं, फक्त रोज सकाळी ठरल्या वेळी मोजून डबा रिकामा करा. पाच-सात वर्षांच्या नोंदी झाल्या की तुमच्या शिवाराची खूण कोणती ते दिसेल. पेरणी मात्र डब्यावरच ठरवा. कोरडवाहू कपाशीला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झालेला हवा. काळ्या जमिनीत सहा इंच खणून माती मुठीत दाबा. गोळा बनला तर ओल आहे. पहिल्या सरीने वरचे दोन-तीन इंचच भिजतात, बी उगवतं, मग आठ-दहा दिवस उघडीप पडली की कोंब करपतो आणि दुबार पेरणी येते. पावशा ओरडला तरी ही ओल दिसेपर्यंत बियाण्याची थैली फोडू नका.