निवृत्त होऊन गावी आलात? आधी पाटी उतरवा

भाऊ, "ऑफिस सुटलं, आता मी कोण?" हा प्रश्न मालवणकडे पहिल्याच दिवशी निकालात निघतो. एसटी स्टँडवर कुणीतरी विचारणारच, "कोणाचो रे तू?" वाडी आणि आजोबांचं नाव सांगा. हुद्द्यात इथे कुणाला रस नाही.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- गेटवरची 'निवृत्त उपव्यवस्थापक' पाटी काढा.
- पहिल्या वर्षी देवस्थान कमिटीत शिरू नका. बहुतेक नवे इथेच फसतात. मीटिंगमध्ये आपसूक साहेबाचा आवाज लागतो.
- हातानं करायचं एक काम धरा. गणपतीची माटवी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायची लाकडी चौकट, बांधायला जा. कवंडळं, हरणं, शेरवडं अशी रानातली फळं-फुलं, नारळ, कुठलं कुठे टांगायचं ते वाडीतली पोरं दाखवतील. मुकाट्यानं शिका.

नोकरी फुकट गेली असं नाही हं. घर तिच्यावरच उभं राहिलं. पण दापोलीजवळच्या मुरुडचे महर्षी कर्वे बघा. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून १९१४ मध्ये निवृत्त झाले आणि महिला विद्यापीठ काढलं १९१६ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी. त्यांचे गणिताचे तास आज कुणाला आठवतात? तुम्हाला विद्यापीठ काढायचं नाहीये, घाबरू नका.

मागे काय उरेल वगैरे नंतर बघू. आधी माटवीचं सामान आणायला रानात कोण जातो, ते विचारून ठेवा.