समासातल्या टिपा आणि विक्रेत्याने लावलेले नाव

तुमचा प्रश्न असा : सोळाव्या शतकात व्हेनिसला छापलेली ‘शुल्हान आरुख’ या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाची प्रत लिलावात आहे, समास हाताने लिहिलेल्या हिब्रू टिपांनी भरले आहेत, विक्रेता ते ‘थोर रब्बीचे (ज्यू धर्मगुरूचे) हस्ताक्षर’ म्हणून दुप्पट भाव सांगतोय. घ्यावी का?

नाव तूर्त बाजूला ठेवा. टिपांत काय लिहिलंय ते आधी जाणकाराकडून वाचून घ्या. ज्यू धर्मशास्त्राच्या पुस्तकात समासात लिहिणं हा अभ्यासाचाच भाग होता. पोलंडमधल्या क्राकोचे रब्बी योएल सिर्किस तालमूद, म्हणजे ज्यू धर्मनियमांवरच्या चर्चांचा मूळ ग्रंथ, वाचता वाचता आपल्या प्रतीत पाठ दुरुस्त करत गेले. ते १६४० मध्ये वारले, दुरुस्त्या वॉर्सात छापून आल्या १८२४ साली, आणि आता विल्नाला छापलेल्या, सर्वत्र वापरात असलेल्या तालमूदच्या पानावर त्या मजकुराशेजारीच बसलेल्या असतात. पोझनचे रब्बी अकिवा एगर यांच्या टिपाही अशाच समासातून छापखान्यात गेल्या. त्यामुळे कुठेही न छापलेली टीप सापडली, तर लिहिणारा अनामिक असला तरी ती मोलाची.

पण बऱ्याच टिपा नकला असतात. ‘शुल्हान आरुख’चे कर्ते योसेफ कारो आजच्या इस्रायलमधल्या सफेद गावचे; हा ग्रंथ व्हेनिसला १५६५ मध्ये पूर्ण छापून झाला. त्यात पोलंड-जर्मनीकडचे रिवाज फारसे नव्हते. क्राकोचे रब्बी मोशे इस्सर्लेस यांनी ते जोडले आणि १५७० च्या आसपास क्राकोत दोन्ही एकत्र छापले गेले. जुन्या व्हेनिस प्रतीच्या मालकाने इस्सर्लेसांची वाक्यं हातानं उतरवून घेतली असतील, तर ते नवं भाष्य नव्हे. दहा-बारा टिपा छापील आवृत्तीशी ताडून पाहिल्या की उलगडा होतो. विक्रेते हे सहसा करत नाहीत. का, ते तुम्हीच ओळखा.

मग अक्षराचं वळण. अश्केनाझी (जर्मनी-पोलंडकडचे ज्यू), सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालकडचे) आणि इटालियन यांची भरभर लिहिण्याची हिब्रू वळणं वेगवेगळी दिसतात. विक्रेता पोलंडच्या रब्बीचं नाव घेतोय आणि वळण इटालियन असेल, तर विषय संपला. पानांच्या कडाही बघा. पुन्हा बांधणी करताना कडा कापल्या जात. टिपांच्या ओळींची टोकं छाटलेली असतील तर लेखन त्या बांधणीच्या आधीचं.

पहिलं आणि शेवटचं पान मात्र निवांत वाचा. ‘माणसाने आपल्या पुस्तकावर नाव घालावे, नाहीतर बाजारातला कोणी येऊन माझेच म्हणेल’ अशा अर्थाचं ठरीव वाक्य लिहून मालक खाली सही करत. एकाखाली एक अशी तीन-चार नावं असतील तर प्रतीचा प्रवासच हाती येतो. शेवटच्या पानावर लॅटिन लिपीतली सही दिसली तर ती बहुधा चर्चच्या सेन्सॉरची. १५९० च्या दशकात इटलीतल्या मांटुआत काम करणारा सेन्सॉर डोमेनिको, स्वतः ज्यू धर्म सोडलेला, याच्या सह्या पुष्कळ पुस्तकांत आहेत. काळी केलेली वाक्यंही त्याच लोकांची करणी. गंमत म्हणजे त्यांची शाई कालांतराने फिकी पडते आणि खालचा छापील मजकूर पुन्हा वाचता येतो.

स्वच्छ प्रतीला जास्त भाव येतो हे खोटं नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेकडून आलेला, व्हेनिसचा मुद्रक बोम्बर्ग याने छापलेला तालमूद २०१५ मध्ये न्यूयॉर्कला ९३ लाख डॉलरना गेला, तो संच पूर्ण आणि उत्तम स्थितीत होता म्हणून. तुमच्या प्रतीला तो हिशोब लावू नका, आणि पानं ‘धुऊन देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती ती अजिबात देऊ नका. एकोणिसाव्या शतकात कितीतरी टिपा अशाच धुऊन घालवल्या.

एका बाबतीत मी तडजोड करत नाही. खरवडलेला किंवा कागद चिकटवून झाकलेला ग्रंथालयाचा शिक्का दिसला, तर १९३३ ते १९४५ या काळात पुस्तक कुणाकडे होतं हे लेखी मागा. नाझींनी युरोपातली ज्यू ग्रंथालयं लुटली आणि त्यातली बरीच पुस्तकं आजही बाजारात फिरतात. उत्तर मिळालं नाही, तर टिपा कितीही सुंदर असोत, बोली लावू नका.