सेकंड लाइफमध्ये घर बांधता बांधता पुस्तकाची प्रसिद्धी कशी करावी?

आधी घर पुरं करा. प्रसिद्धी थांबू शकते.

तुमची पहिली कादंबरी आलीय, सेकंड लाइफमध्ये, म्हणजे अवतार घेऊन फिरायच्या त्या ऑनलाइन आभासी जगात, १०२४ चौरस मीटर जागा घेतलीय, आणि आता घर अर्धवट सोडून तिथे वाचनाचा कार्यक्रम लावावा का, असं तुम्ही विचारलंय. नेमका हाच वाद घोडबंदर रोडला आमच्या जेवणाच्या टेबलावर अजून मिटलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

माझे दीर मार्केटिंगमधले. माझ्या इंग्रजी रहस्यकथा आल्या तेव्हा त्यांनी फर्मान काढलं, "वहिनी, एक स्टेज, मागे मोठं मुखपृष्ठ, समोर खुर्च्या. बस्स. कौलं-बिलं कशाला?" तेव्हा आमच्या खऱ्या फ्लॅटचा ताबा बिल्डर दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर ढकलत होता. मी तिकडे वाडाच बांधायला घेतला. ओसरी, माजघर, शिसवी झोपाळा, परसात तुळस. दीर म्हणाले, हा पळपुटेपणा. असेल. पण या वाड्याला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, लागत नव्हती.

तिथे जागेपेक्षा लँड इम्पॅक्ट, म्हणजे जागेवर किती वस्तू मांडता येतील याचा कोटा, आधी संपतो, हे तुम्हाला कळलंच असेल. १०२४ मीटरला ३५१ मिळतात आणि दाराची कडीसुद्धा त्यातूनच वजा होते. नक्षीदार खांब घातले की खुर्च्यांना काही उरत नाही. मी पुस्तकांचं कपाट म्हणजे एका सपाट फळीवर डकवलेलं चित्र केलं. दिसायला शंभर पुस्तकं, हिशेबात एक. खुर्च्या काढून ओसरीवर बैठक घातली. छत मात्र भरपूर उंच ठेवा. कॅमेरा अवताराच्या मागून वरून बघतो. ठाण्यातल्या दहा फुटी बेडरूमच्या मापाने बांधलंत तर पाहुण्याला भिंतीशिवाय काही दिसणार नाही.

दिरांच्या समाधानासाठी वाचनही केलं. तिथलं घड्याळ कॅलिफोर्नियाचं. त्यांचे संध्याकाळचे ७.३० म्हणजे आपले सकाळचे ८, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की ९. आठला आमच्या सोसायटीचं पाणी जातं. बादल्या भरायला नवऱ्याला बसवलं, पण कुकर मीच लावून ठेवला होता. ऐन खुनाच्या प्रसंगात शिट्टी झाली. एका पाहुणीने चॅटमध्ये विचारलं, हा ध्वनिपरिणाम तुम्ही स्वतः केलात का? मी हो म्हटलं.

ऐकायला आलेली मंडळी टाळ्या वाजवून गेली ती गेलीच. झोपाळ्यावर बसायला मात्र लोक अजून येतात, ओळखीच्यांना घेऊन येतात. बसलं की स्क्रिप्ट (झोपाळ्यात घातलेला छोटा प्रोग्राम) त्यांच्या हाती नोटकार्ड, म्हणजे मजकुराची चिठ्ठी, देते: पहिलं प्रकरण आणि खाली पुस्तकाची लिंक. तुम्ही झोपलेले असलात तरी हे चालू राहतं. स्टेजचं तसं नाही, तिथे दर वेळी स्वतः उभं राहावं लागतं. दीर यावर २००७ सालचा विज्ञानकथालेखक विल्यम गिब्सनचा दाखला देतात, त्याने तिथे वाचन केलं होतं. अहो, तो गिब्सन! त्याच्यासाठी लोक सतरंजीवरसुद्धा बसतील.

वेळ कसा काढायचा, हेही विचारलंय तुम्ही. मी बांधकाम रात्री करते आणि लोकांना उत्तरं सकाळी देते. याहून वेगळी युक्ती माझ्याकडे नाही.

हो, आणि कादंबरी मराठी असेल तर वरचं सगळं विसरा. तिथे मराठी वाचक शोधत फिराल. त्यापेक्षा नौपाड्यात एखादा छोटा हॉल घ्या. लॅपटॉप जुना असेल तरी तेच. इंग्रजी पुस्तकाचंही सांगते, खपातून माझं जागेचं भाडं सुटत नाही.

भावजी, तुम्ही हे वाचणारच. वाड्याच्या दाराशी भेट देणाऱ्यांची यादी ठेवणारी स्क्रिप्ट आहे. तुमचा अवतार झोपाळ्यावर किती वेळ बसतो, ते मला दिसतं.