पाणी तेवढंच, उत्तर वेगळं

प्रश्न : प्रकल्पासाठी पाच वर्षांच्या भाचीला दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी दाखवलं. एकातलं उंच, अरुंद ग्लासात ओतल्यावर ती म्हणाली, ‘यात जास्त!’ तिला कमी समजतं का?

उत्तर : अजिबात नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या मते २ ते ७ वर्षांच्या पूर्वक्रियात्मक (तर्कशुद्ध विचार जमण्याआधीच्या) अवस्थेत मुलांची नजर उंचीवरच खिळते, रुंदी निसटते. पण ‘सारखं आहे का?’ हे तुम्ही दोनदा विचारलंत का? पुन्हा तोच प्रश्न आला, की पहिलं उत्तर चुकलं असं मुलांना वाटू शकतं. रोझ आणि ब्लँक या संशोधकांनी १९७४मध्ये दोन ओळींपैकी एकीतल्या सोंगट्यांची मांडणी बदलल्यावर एकदाच प्रश्न विचारला, तेव्हा सहा वर्षांच्या मुलांच्या चुका घटल्या. म्हणून सुरुवातीला पाणी नुसतं दाखवा, ओतल्यावरच विचारा. मग ‘कशावरून?’ विचारून तिचं कारण शब्दशः टिपा.