इम्प्लांटसाठी पोस्टातले दहा लाख मोडू नका, गुरुजी

गुरुजी नमस्कार. तुमचा मेसेज दोनदा वाचला, आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. गुरुजी उदगीरचे, झेडपीतून रिटायर, वय ६१, पेन्शन ३६ हजार. पोस्टात सीनियर सिटीझन स्कीममध्ये १० लाख टाकून १४ महिने झाले, बँकेत लाखालाखाच्या तीन एफडी, मेडिक्लेम नाही. खालच्या डाव्या बाजूचे सलग तीन दात गेलेत, दोन दाढा आणि पुढचा एक, अक्कलदाढ आधीच काढलेली. लातूरच्या डॉक्टरांनी तीन इम्प्लांटचे, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायच्या दातांचे, दीड लाख सांगितले, पोरगा म्हणतो ईएमआय करा, गुरुजी म्हणतात पोस्टातले मोडतो. आणि शेवटी लिहिलंय, "ह्या वयात दातावर एवढा खर्च बरा दिसतो का?"

ह्या शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. दिसायचा प्रश्नच नाही गुरुजी, ज्वारीची भाकरी चावत नाही म्हणून तुम्ही भात, पाव आणि चहात बुडवलेल्या बिस्किटावर आलात असं तुम्हीच लिहिलंय, आणि तुम्हाला शुगर आहे. खर्च करा, पण कसा आणि कधी ते महत्त्वाचं.

पोस्टाला हात लावू नका. त्या स्कीममधून थोडे पैसे काढता येत नाहीत, मोडायचं म्हणजे अख्खं खातं बंद. एक वर्ष झालंय आणि दोन व्हायचीत, म्हणून दीड टक्का कापतात, म्हणजे १० लाखांवर १५ हजार गेले. वर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला येणारे साडेवीस हजार पण बंद. दीड लाखासाठी एवढं नुकसान कशाला?

आता ईएमआय. महिना साडेबारा हजार, बिनव्याजी, ऐकायला गोड लागतं. पण ते फायनान्स कंपनीचं लोनच असतं, कंपनी रक्कम दवाखान्याला सुरुवातीलाच देऊन मोकळी होते आणि हप्ते तुमच्या मागं लागतात. इकडं काम मात्र टप्प्याटप्प्याने चालतं, आधी हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, मग हाड त्याला धरून घ्यायला साधारण तीन ते सहा महिने जातात, तेव्हा कुठं वरची कॅप बसते. मधेच स्क्रू हलला किंवा तुम्हाला डॉक्टर बदलावासा वाटला तरी हप्ता थांबत नाही, माझ्या ओळखीतले एक काका असेच अडकले होते, दात अर्धवट आणि खात्यातून दर महिन्याला पैसे कट. शिवाय प्रोसेसिंग फी किती ते विचारा, आणि डॉक्टरांना सरळ विचारा की ईएमआय न करता दिले तर किती कमी कराल. जेवढे कमी करतील तेवढं त्या "बिनव्याजी"चं व्याज समजा.

त्यापेक्षा काम जसं होईल तसे पैसे द्या. एक एफडी मोडा, दंड म्हणून व्याज थोडं कमी मिळेल तेवढंच, त्यातून स्क्रूचे पैसे निघतील. कॅप बसेपर्यंत पोस्टाच्या दोन तिमाह्यांचे ४१ हजार हातात येतात, राहिलेले आठ-नऊ हजार पेन्शनमधून. बाकीच्या दोन एफडी तशाच ठेवा, मेडिक्लेम नसलेल्या घरात तेवढे तरी दवाखान्यासाठी मोकळे लागतातच.

आणि दीड लाख हा आकडा शेवटचा धरू नका. सलग तीन दात असतील तर बऱ्याच वेळा दोन इम्प्लांटवर तीन दातांचा ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेले तीन दात, बसतो, तुमच्या हाडाला चालेल का ते सीटी स्कॅन बघून डॉक्टरच सांगतील, पण विचारा नक्की. लातूरला डेंटल कॉलेज आहे, तिथं दुसरं मत घ्या. साधा ब्रिज तुम्हाला जमणार नाही कारण मागं आधाराला दातच नाही, काढघालीची कवळी मात्र होते, स्वस्तात होते.

ह्या खर्चावर टॅक्स वाचेल असं कुणीतरी सांगितलंय ना, ते सोडून द्या. पेन्शन आणि सगळं व्याज धरून तुमचं साडेपाच लाखाच्या आत बसतंय, नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंत टॅक्सच लागत नाही, मग वाचणार काय?

आता मला खरी काळजी आहे ती वेगळीच. तुमची तीन महिन्यांची शुगर ८.९ आहे आणि दिवसातून चारदा तंबाखू मळता असं लिहिलंय. स्वीडनच्या ब्रॅनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या माणसाला असे दात बसवले, तंत्र जुनं आणि भरवशाचं आहे, पण शुगर वाढलेली आणि वर तंबाखू असेल तर जखम लवकर भरत नाही, इम्प्लांट निकामी व्हायचा धोका वाढतो. म्हणजे पैसे बुडायची सगळ्यात मोठी जागा ना पोस्ट, ना बँक, ती पुडी आहे! हात जोडून सांगतो, तीन महिने थांबा, पुडी बंद करा, फिजिशियनकडून शुगर खाली आणा, तोवर कवळीवर काढा. पोस्टाच्या व्याजाच्या दोन तिमाह्यांतली एक त्यातच जमा होईल, तेही बरंच.

तेवढ्यात मेडिक्लेमची पण चौकशी करा, शुगर आहे ते लपवू नका. आधीच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावतात. दातांचं त्यात सहसा धरत नाहीत, अपघात सोडला तर, पण हृदयाबिदयाचं निघालं तर दोन एफडी आठवड्यात संपतात.

नवीन शुगरचा रिपोर्ट आला आणि दोन इम्प्लांटचं कोटेशन मिळालं की मला पाठवा, कोणती एफडी मोडायची ते तारखा बघून सांगतो.