पुलावर निसटलेली चप्पल

ठाण्याच्या वाचक भगिनीस,

तुमच्या तीन पानी पत्रातील अडीच पाने सासूबाईंवर खर्च झाली आहेत. अकरा महिन्यांच्या बाळाचे हात आणि मान थरथरते, झोपेत थरथर थांबते, बसू लागलेले बाळ आता कलंडते, आणि सासूबाई मात्र दृष्ट काढतात व अंगावरच्या दुधावाचून काही भरवू देत नाहीत. त्यांना कसे समजवावे, असे तुम्ही विचारता. त्या भांडणात मला रस नाही. स्टेशनच्या पुलावर पायातली चप्पल निसटली आणि चार पावले चालल्यावर ते कळले, हे तुम्ही जाता जाता गमतीने लिहिले आहे, आणि गरोदरपणापासून दूध-दही नकोसे झाल्याचे तर कंसात.

बाई, ही गंमत नव्हे. पायांची जाणीव अशी बधिर होणे हे बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. तुमच्यासारख्या शाकाहारी घरात ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते, आणि आईच्याच अंगात त्याचा खडखडाट असेल तर तिच्या दुधातही ते पुरेसे उतरत नाही. केवळ त्याच दुधावर राहिलेल्या बाळांना साधारण सहा महिने ते दोन वर्षे या वयात अशी थरथर सुरू होते. बोटांची पेरे काळवंडतात, केस विरळ आणि भुरे होतात, रक्त कमी होते, आणि शिकलेल्या गोष्टी ती विसरू लागतात. पुष्कळदा बाळ गुटगुटीतच दिसते, म्हणून घरात कोणाला शंका येत नाही.

तेव्हा उद्या सकाळी कळव्याच्या महापालिका रुग्णालयात किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि बाळाच्या थरथरीबरोबर आपल्या चपलेची हकीकतही सांगा. थरथरीला अन्य कारणेही असतात आणि ती डॉक्टरच तपासतील, परंतु बाळाबरोबर तुमचेही रक्त तपासायला द्या. दुकानातून टॉनिक आणून वेळ काढू नका, कारण नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. बी-१२ सुरू झाल्यावर थरथर काही दिवस वाढलेलीही दिसू शकते. तेव्हा घरातून कोणी काहीही म्हणाले तरी डॉक्टरांना कळवा, उपचार मात्र सोडू नका.

सासूबाईंनाही सोबत न्या. वरणभात कधीपासून आणि किती भरवायचा हे डॉक्टर सांगतील तेव्हा त्यांनी ते स्वतः ऐकलेले बरे, आणि तुमच्या दंडात सुई जात असताना बाळाला मांडीवर घ्यायला कोणीतरी लागणारच आहे.